रिबेकाचं हॉलतिकीट

उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या की अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याला बरं वाटतं, आणि माझी झोप उडते. हंगाम सुरू झाला म्हणजे कॉलेजांची परीक्षाही आली. आमच्याकडं दोन्ही बरोबरच अंगावर येतात. सकाळी खिडकी उघडली की गुऱ्हाळाकडून रस उकळल्याचा गोडसर, जरा करपलेला वास येतो. समोरच्या मुलींच्या हॉस्टेलच्या गच्चीवर शाली पांघरलेल्या चार-पाच पोरी पुस्तक तोंडाशी धरून येरझाऱ्या घालत असतात. त्यांचे ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. ट्रॅक्टरवाला मात्र पार कोपऱ्यावरून ऐकू येतो, कारण मोठ्यानं गाणी लावल्याशिवाय त्याला ऊस ओढता येत नाही.

यंदा हा वास आला त्याच सकाळी गायकवाड सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लेक्सचं डिझाइन पाठवलं. गायकवाड सर म्हणजे आमच्या ख्रिस्ती विद्यार्थी संगतीच्या समितीचे अध्यक्ष. निवृत्त हेडमास्तर, देवभीरू माणूस आणि फ्लेक्सचे शौकीन. फ्लेक्सवर मीच होते. स्टेजवर, माईकपाशी, मागं रंगीत दिवे, डोळे मिटलेले, आणि वर उचललेल्या उजव्या हातात एक कागद. खाली ठळक अक्षरांत 'एक नाव, एक प्रार्थना'. सरांनी लिहिलं होतं, 'फोटो बोलका आहे. छापायला टाकू ना?'

मी लिहिलं, 'नाही.'

लगेच फोन आला. "का हो नीलाताई? चांगला आलाय की फोटो."

"चांगलाच आलाय सर. म्हणूनच नको."

त्या फोटोतला कागद हे एका पोरीचं हॉलतिकीट आहे. फोटो मोठा केला तर तिचं नाव वाचता येतं. त्या कागदाचं पुढं काय झालं हे समितीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. वर्षभर मूग गिळून बसले. हंगाम परत आला, तोच वास आला, आणि माझंच थोबाड फ्लेक्सवर बघून माझं डोकं फिरलं.

संगती सुरू झाली तेव्हा आम्ही अकरा जण होतो, मला धरून. आसपासच्या तालुक्यांतून शिकायला आलेली ख्रिस्ती घरातली पोरं-पोरी, आणि एका जुन्या वसतिगृहाची जेवणाची खोली. शुक्रवारी संध्याकाळी तिथली बाकं भिंतीला सारायची आणि मधे चटई अंथरायची. मी जयसिंगपूरची, त्यामुळं भडंग माझ्याकडून. एक गीत, थोडं शास्त्रवाचन, आणि मग प्रत्येकानं आठवड्यात काय झालं ते सांगायचं. कुणाला केमिस्ट्री डोक्यावरून जाते, कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे, कुणाला मेसची आमटी बघून रडू येतं. हळूहळू त्यांचे रूम पार्टनरही यायला लागले. हिंदू घरातली पोरं, भडंगाच्या ओढीनं आलेली. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, "ताई, प्रार्थनेला डोळं मिटायलाच पायजेत काय?" मी म्हटलं, "डोळं तुझं, तू ठरव." त्यानं एक मिटला.

तिकिटाची पद्धत पहिल्याच हिवाळ्यात पडली. कुरुंदवाडची एक पोरगी पेपरच्या आदल्या दिवशी बॅग भरून एसटी स्टँडवर जाऊन बसलेली. काही येत नाही, मी घरी जातो, म्हणून. आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी जातो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हे ऐकून गंमत वाटते. मी स्टँडवर गेले, तिची समजूत घालायच्या भानगडीत पडलेच नाही. म्हटलं, "तुझं हॉलतिकीट माझ्याकडं दे. सकाळी गेटवर देते. तू नुसती ये." तिनं चिडून तिकीट दिलं. सकाळी आली, कारण तिकीट माझ्याकडं होतं आणि ते मागायला तरी यायलाच पाहिजे होतं. मी गेटवर उभी होते. तिनं तिकीट घेतलं, मला दोन शब्द सुनावले आणि आत गेली. पास झाली.

पुढच्या परीक्षेपासून सगळ्यांनीच तसं करायचं ठरवलं. परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी प्रत्येकानं आपलं तिकीट चटईवर पालथं ठेवायचं आणि दुसऱ्या कुणाचं तरी उचलायचं. ज्याचं तिकीट उचललं ते माणूस परीक्षा संपेपर्यंत आपलं. रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची, आणि पहिल्या पेपरच्या सकाळी त्याच्या कॉलेजच्या गेटवर जाऊन तिकीट त्याच्या हातात द्यायचं. गायकवाड सरांना ही पद्धत पहिल्यापासून पटली नाही. "एवढा महत्त्वाचा कागद दुसऱ्याच्या हातात कशाला?" असं ते दर वर्षी म्हणायचे. मी म्हणायची, "महत्त्वाचा आहे म्हणूनच." एकदा एका पोरानं तिकीट जपून राहावं म्हणून डब्यात चपात्यांच्या खाली ठेवलं, आणि पर्यवेक्षकानं ते हातात घेऊन वास घेतला. एकदा सायकल पंक्चर झालेला एक भिडू तिकीट दातात धरून, सायकल खांद्यावर घेऊन पळत आला. हरवलं मात्र कुणाचं नाही. उशीर कुणाला झाला नाही. आपलं तिकीट कुणाकडं आहे हे प्रत्येकाला ठाऊक असायचं, आणि ज्याच्याकडं आहे त्याला झोप लागायची नाही.

नेतृत्वाच्या शिबिरांना गेलं की विचारतात, 'तुमचं व्हिजन काय?' लोक तक्ते घेऊन उभे राहतात. पाच वर्षांत किती कॉलेजं, दहा वर्षांत किती जिल्हे. माझ्याकडं तक्ता कधीच नव्हता. आपल्यातलं एकही पोरगं पहिल्या पेपरच्या सकाळी गेटवर एकटं उभं राहू नये, एवढंच मला पहिल्या दिवशी दिसलं होतं, आणि एवढंच मला आजही दिसतं. एका शिबिरात मी हे सांगितलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले होते, "हे छान आहे, पण हे व्हिजन नाही, ही मदत झाली." मी म्हटलं, "बरं, मग मदत म्हणा."

मग संगती वाढली. वाढल्याचं मला वाईट वाटलं असं म्हणाले तर ते खोटं होईल. मला आवडलं, चांगलंच आवडलं. जेवणाची खोली पुरेना, अंगण पुरेना, हॉल घ्यावा लागला. साउंड आला, गायनाचा संच आला, पुण्याहून पाहुणे यायला लागले. पाहुणे परत जाऊन लोकांना सांगायचे, की कोल्हापुरात बघा काय चाललंय. चटईवर बसावं लागत नसल्यामुळं माझ्या साडीची इस्त्री मोडत नव्हती. नवीन पोरं लांबून 'प्रेझ द लॉर्ड ताई' म्हणायची, मीही हात वर करायची, आणि त्यांचं नाव विचारायचं राहून जायचं. आमच्या जयसिंगपूरच्या मामांचा ऊस एका वर्षी असाच वाढला होता. खतपाणी भरपूर, येणारे-जाणारे बांधावर थांबून बघायचे. एक वारं आलं आणि सगळा लोळला. मामा तेव्हा म्हणाले होते, उंची बघत बसलो, बूड बघायचं राहिलं.

गेल्या वर्षीची सभा रविवारी संध्याकाळी होती. सोमवारपासून परीक्षा. एवढ्या पोरांत अदलाबदल जमणार नाही, गोंधळ होईल, असं समितीचं म्हणणं पडलं, आणि मी मान डोलावली. चटईच्या जागी स्टेजवर तीन बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, ठेवल्या. सगळ्यांनी त्यात तिकिटं टाकायची, आम्ही बुट्ट्यांवर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि जाताना दारात कॉलेजवार तिकिटं परत. सुटसुटीत काम. मग गायनाच्या संचातलं कुणीतरी म्हणालं, ताई, प्रतीक म्हणून एक तिकीट उचला, नाव वाचा, छान वाटेल. मी उचललं. माईकवर नाव वाचलं. रिबेका, बी.एस्सी. दुसरं वर्ष. मागच्या रांगांत कुठंतरी एक हात अर्धवट वर गेला आणि खाली आला. मी तिकीट उंच धरलं, डोळे मिटले. आणि खरं सांगते, डोळे मिटताना मला फोटोग्राफर पुढं येताना दिसला होता.

प्रार्थना झाली, टाळ्या झाल्या. तिकीट मी माझ्या पवित्र शास्त्रात ठेवलं, शास्त्र बॅगेत ठेवलं, आणि पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले.

सोमवारी सकाळी गायकवाड सरांच्या घरी पाहुण्यांसाठी नाश्ता होता. सरांच्या मिसेसनी कांदेपोहे केलेले, वर खोबरं, लिंबू. बोलणं चाललं होतं आमच्या कामाविषयी, म्हणजे माझ्याविषयी. बरं दिसत नाही म्हणून मी फोन पालथा ठेवलेला. पाहुण्यांनी विचारलं, व्हिजन काय, आणि मी गेटचं सांगितलं. एकही पोरगं एकटं उभं राहू नये, असं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हे सांगत होते तेव्हा साडेदहा वाजले असतील, म्हणजे पेपर सुरू व्हायची वेळ.

अकराच्या सुमारास फोन उचलला तर चार मिस्ड कॉल. नंबर अनोळखी. उलटा फोन लावला, तो बंद. निघताना पाहुण्यांसाठी प्रार्थना करायची म्हणून मी शास्त्र उघडलं आणि तिकीट माझ्या मांडीवर पडलं.

रिक्षा करून कॉलेजवर गेले तेव्हा गेट लागलेलं. वॉचमन म्हणाला, "एक पोरगी हुती की. पिवळा ड्रेस. बेल झाली तरी जाईना आत. मी म्हटलं, जा बाई हापिसात, काय तर लिहून देतील. तर म्हणाली, न्हाय, ताई येणार हाईत."

हे वाक्य मी वर्षभर ऐकतेय. भांडी घासताना ऐकते, पवित्र शास्त्र शिकवताना ऐकते. त्या पोरीनं ना वेंधळेपणा केला, ना आळस. आमच्या पद्धतीवर तिचा विश्वास होता, एवढाच तिचा गुन्हा. दारात तिकीट मिळालं नाही तेव्हा तिला भीती वाटायचं काही कारणच नव्हतं. उलट ती खूश होती. ताईंनी स्वतः आपलं तिकीट उचललंय, म्हणजे ताई स्वतः गेटवर येणार. जुन्या पोरांकडून तिनं हेच ऐकलेलं, आधीच्या परीक्षांना बघितलेलंही. अदलाबदल बंद झालीय हे आम्ही समितीत ठरवलं, पण चटईवरच्या जुन्या पोरांना सांगायचं राहिलं.

गेटसमोर बागवान चाचांचं झेरॉक्सचं दुकान आहे. निम्म्या कॉलेजची तिकिटं तिथंच छापून निघतात. मी तिथल्या बाकावर बसले. चाचांनी पाणी दिलं. म्हणाले, "शिरोळची रिबेका न्हवं? बापाचा ट्रॅक्टर हाय ती? मला बोलली असती तर दोन मिंटांत प्रिंट काढून दिली असती. शिक्का बी मारून आणला असता, क्लार्क माझ्याकडंच च्या पितो. पर तिनं काय मागितलंच न्हाय. नुसती रस्त्याकडं बघत हुती." चाचांना तिचं गाव माहीत होतं, बाप माहीत होता. ती आमच्या संगतीत दीड वर्ष येत होती आणि मला तिचा नंबरसुद्धा माहीत नव्हता.

दोन दिवसांनी शिरोळला गेले. एसटीच्या दोन्ही बाजूंना तोडणी चाललेली, रस्ताभर उसाचं वाळकं पाचट उडत होतं. रिबेकाचे वडील दावीदअण्णा हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर असतात; नुकतेच खेप टाकून आले होते, अंगावर धूळ. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बसा पावणं." मी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "सभेला किती माणूस हुतं ओ?"

"बरंच होतं."

"मग एक कमी झालं तर कळत न्हाय," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. गर्दीत असं होतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मला मात्र तिथून उठावं असं वाटलं.

रिबेकाचे आधीचे दोन विषय राहिलेले, हा तिसरा. नियमानं वर्ष गेलं. तो पेपर परत द्यायला पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागणार होतं. अण्णांच्या मेव्हण्यानं एक स्थळ आणलेलं. अण्णा म्हणाले, "शिकतीया म्हणून थांबलो हुतो. आता कशासाठी थांबायचं?" मी आयुष्यात कुणापुढं हात पसरले नाहीत, त्या दिवशी पसरले. एक वर्ष मागितलं. अण्णांनी अंगावरची धूळ झटकली. मग म्हणाले, "पुढल्या हंगामात त्यो पेपर सुटला तर शिकू दे. न्हायतर हंगाम सरला की लगीन. ह्याच्या म्होरं मला काय सांगू नका."

रिबेका चुलीपाशी पाठ करून बसून होती. एसटीपर्यंत सोडायला मात्र आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमी माझं नाव वाचलासा न्हवं, तवा मला लई भारी वाटलं हुतं."

मी कोल्हापूरपर्यंत रडत आले. शेजारच्या बाईनं न विचारता मला अर्धी मोसंबी सोलून दिली.

त्यानंतर मी हॉल सोडला. समितीला कारण सांगितलं नाही, भांडणतंटा न करता नुसतं काम बदललं. बारा-बारा पोरांची एक चटई, अशा चटया केल्या. एक हॉस्टेलच्या व्हरांड्यात, एक कुणाच्या तरी गच्चीवर, एक जयसिंगपुरात माझ्या माहेरी. ज्याला बारा जणांची नावं, गावं, विषय तोंडपाठ नाहीत त्यानं चटई घ्यायची नाही, एवढा एकच नियम. सरांना वाटलं, काम बसलं. गायनाच्या संचातली काही पोरं रुसून गेली. पुण्याहून फोन आला की तुमच्याकडचा जोर ओसरलाय का. मी म्हटलं, "हो, आवाजाचा ओसरलाय." रिबेका जयसिंगपूरच्या चटईवर येऊ लागली. कोपऱ्यात बसायची, भडंगातले शेंगदाणे वेचून खायची, आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. तो तिचा हक्क होता. तिचा राहिलेला पेपर फिजिक्सचा, आणि ते मी शिकवू शकत नव्हते. चटईवरच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराला तिच्यामागं लावून दिलं.

आणि आता हा हंगाम. सरांनी फ्लेक्स बाजूला ठेवला, पण दुसरी गोष्ट ठरवली. सोमवारी सकाळी दहा वाजता बैठक. पुण्याची मंडळी येणार, चार जिल्ह्यांचं काम एकत्र होणार, आणि त्याची प्रमुख मी. मी तिथं व्हिजन मांडायचं. रिबेकाचा पेपर सोमवारीच, साडेदहाला.

शनिवारी दुपारी सरांच्या घरी गेले. तीच बैठकीची खोली, तोच सोफा. सगळं सांगितलं. फोटोतलं तिकीट कुणाचं, ते माझ्या मांडीवर कधी पडलं, चार मिस्ड कॉल, अण्णांनी दिलेलं वर्ष. सरांनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले.

"वर्षभर बोलला नाहीत," ते म्हणाले.

"लाज वाटत होती."

"आणि आता?"

"आताही वाटते. पण सोमवारी मी गेटवर असणार."

"अहो, दुसरं कुणीतरी जाईल की गेटवर. मी माणूस पाठवतो. एका पेपरसाठी चार जिल्ह्यांची माणसं ताटकळत ठेवायची?"

"ताटकळत ठेवू नका. मला सोडून बैठक घ्या."

"मग तुमच्या जागी दुसऱ्या कुणाचा विचार करावा लागेल, नीलाताई. मी धमकी देत नाही, पण पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगा की बाई हट्टी आहे. आणि सर, चार जिल्ह्यांत आपल्याला नेमकं काय न्यायचंय? बुट्ट्या? गेल्या वर्षी मी इथंच पोहे खात गेटची गोष्ट सांगितली, आणि गेट मोकळं होतं. परत ती गोष्ट सांगायची तर मला आधी तिथं उभं राहू द्या."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मिसेसनी चहा आणला, आम्ही दोघांनी तो घेतला. मला त्यांचा राग आला नव्हता. काम वाढावं म्हणून आयुष्य घातलेला माणूस आहे. पण मी काही मागं हटले नाही, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. कुणी म्हणेल संकुचित, कुणी म्हणेल बाईला पुढं जायचं नाही. पुढं म्हणजे कुठं, हे आधी कुणीतरी मला दाखवावं.

त्याच्या आदल्याच दिवशी, शुक्रवारी, जयसिंगपूरच्या चटईवर अदलाबदल झाली होती. सगळ्यांनी तिकिटं पालथी ठेवली. रिबेकानं ठेवलं नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. एक पोरगी विचारायला लागली, "तुझं कुठं हाय गं?" मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. तिकिटं वाटून संपली आणि माझ्या वाट्याला एकही आलं नाही. बरोबरच होतं ते. मी भडंगाचं पातेलं उचलून आत नेलं.

सोमवारी साडेनवालाच गेटवर पोचले. थंडी होती, झाडांखालचा रस्ता दवानं ओला. पोरं घोळक्यानं उभी राहून शेवटचं वाचत होती. आमची चार-पाच पोरंही होती, दुसऱ्यांची तिकिटं खिशात घेऊन, माना उंचावून आपापलं माणूस शोधणारी. बागवान चाचांनी दुकानातूनच हात केला. दहा वाजले. सव्वादहा वाजले. रिबेका दिसेना. मी कधी न पाहिलेल्या माणसांच्या मोटरसायकली निरखून बघत होते. तिला फोन लावायचा मोह झाला, पण तिला घाबरवायचं नव्हतं. गेल्या वर्षी हा रस्ता तिनं असाच बघितला असणार, ह्याच जागेवरून. ती बेल होईपर्यंत बघत होती.

दहा वीसला दावीदअण्णांची मोटरसायकल आली, मागं रिबेका. अण्णांच्या शर्टाला तशीच पाचटाची कुसळं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला म्हणाले. रिबेका उतरली, ड्रेस झटकला, आणि माझ्याकडं न बघता पर्स उघडली. तिकीट बाहेर काढलं. प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं, चार कोपऱ्यांना टेप लावलेला. मला वाटलं ती आता सरळ आत जाणार, आणि जाऊ दे, तेच योग्य आहे, असं मी मनाशी म्हणतही होते.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. तिकीट पुढं केलं.

"ताई, धरा."

मला कळेना. मी हात मागंच ठेवले.

"धरा की."

मी धरलं. वर तिचा फोटो होता, दोन वेण्या घातलेला, आणि तिचं पूर्ण नाव. मी ते वाचलं, मनातल्या मनात, सावकाश. तिनं हात पुढं केला.

"आता द्या मला."

मी दिलं. तिनं ते घेतलं, मान हलवली आणि गेटमधून आत गेली. पायऱ्यांपाशी गर्दीत मिसळली. पिवळाच ड्रेस होता, त्यामुळं दारातून आत जाईपर्यंत दिसत राहिला.

बेल झाली. वॉचमननं गेट ओढून घेतलं. माझ्या बॅगेत फोन वाजायला लागला, थांबला, परत वाजायला लागला. अण्णांनी मोटरसायकल स्टँडवर लावली आणि चाचांच्या बाकावरची धूळ हातानं झाडली.

"ताई, किती तासाचा असतोय पेपर?"

"तीन तासांचा."

"तुमचा फोन वाजतोय."

"वाजू दे," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसले.